वरून आलेला प्रसाद

विमानातल्या संडासाचं बटण दाबलं की हवेच्या दाबातल्या फरकाने सगळा ऐवज टाकीत खेचला जातो. विमान उतरलं की गाडी येऊन टाकी उपसते. वैमानिकाच्या मनात आलं तरी ती वाटेत रिकामी करता येत नाही. झडप गळकी असेल तर मात्र निळं पाणी बाहेर गोठतं आणि खाली येताना सुटतं. जानेवारी २०१८मध्ये हरियाणातल्या फाजिलपूर बादलीत शेतात बर्फाचा गोळा पडला. काहींनी अवकाशातला ठेवा समजून तुकडे चक्क फ्रिजमध्ये जपले! (दुधाशेजारीच असणार.) अधिकाऱ्यांना संशय आला तो विमानाच्या संडासाचा. राष्ट्रीय हरित लवादाने २०१६मध्येच अशा विमानांना ५० हजारांचा दंड सांगितला होता. फक्त डोक्यावर पडताना विमानाचा नंबर तेवढा टिपून ठेवायचा.