एकास सत्त्याऐंशी

मॉडेलकाकांच्या घरी डायनिंग टेबल आहे, पण जेवायला खाली बसावं लागतं. टेबलावर स्टेशन आहे. कुर्डुवाडी–पंढरपूर नॅरोगेजवरचं, आणि गेली सहा वर्षं ‘जवळजवळ झालेलं’. त्याला देखावा म्हणायचं नाही. एका गणपतीत सोसायटीच्या सेक्रेटरींनी “काका, यंदा तुमचा देखावा मांडू या का मंडपात?” असं विचारलं, तेव्हापासून काका त्यांच्याशी फक्त पाण्याच्या टँकरपुरतं बोलतात. ‘डायोरामा’ म्हणायचं. काकू ‘पसारा’ म्हणतात, पण त्यांचं कोण काय करणार!

ही जमात सहसा बँकेतून निवृत्त झालेली असते. (रेल्वेतून निवृत्त झालेला माणूस रेल्वेचं तोंड पाहत नाही.) शर्टाच्या खिशात पेनाऐवजी चिमटा आणि सहा इंची स्टीलची पट्टी. आपल्याकडे लोक चतुर्थीला सारसबागेत जातात, तसे हे कोथरूडच्या जोशांच्या छोट्या रेल्वेच्या संग्रहालयात जातात. तिथल्या गाड्या पळतात, सिग्नल पडतात, दिवे लागतात. शेजाऱ्याच्या मुलाचे मार्क ऐकून आलेल्या बापाचा चेहरा घेऊन काका घरी परततात आणि दोन दिवस कुणाशी बोलत नाहीत.

बोलायला लागले की मात्र प्रमाणापासून सुरुवात होते. एकास सत्त्याऐंशी. म्हणजे खऱ्या जगातले सत्त्याऐंशी सेंटीमीटर काकांकडे एक सेंटीमीटर. काकांची नॅरोगेज म्हणजे बार्शी लाइट रेल्वे, तिचे रूळ ७६२ मिलिमीटर अंतराचे. भागाकार केला की ८.७६ येतात. बाजारात तयार रूळ मिळतात ते ९ मिलिमीटरचे. उरले ०.२४. या पाव मिलिमीटरनं काकांची झोप घालवली आहे. “मूळ रुळात दोन सेंटीमीटरचा फरक झाला हो,” असं ते अशा आवाजात सांगतात, की ऐकणाऱ्याला वाटावं, घरात कुणाची तरी पत्रिका जुळत नाहीये.

एव्हरार्ड कॅलथ्रॉप या साहेबाचा विषय निघाला तर चहा गार होतो. १८९७ साली बार्शीची छोटी लाइन यानं सुरू केली, १९०६ मध्ये ती पंढरपूरला पोचली. सडपातळ रूळ, एका आसावर जेमतेम पाच टन वजन, तरी गाडी तगडी. पुढे म्हणे याच माणसानं विमानातून उडी मारायच्या पॅराशूटवर काम केलं. “आपल्या गाडीत प्रवास केल्यावर माणसाला उडी मारावीशी वाटणार, हे त्याला कळलं असणार,” असं काकू एकदा बोलून गेल्या. मामाच्या गावाला जाताना काकांनी या गाडीतून लहानपणी खरंच उडी मारली होती, बोरं वेचायला. आता तिथं ब्रॉडगेज आहे. बोरं वेचण्याइतकी हळू गाडी फक्त टेबलावर.

घरातली एकेक वस्तू तिकडे कशी गेली, याचा हिशेब काकूंकडे आहे. सोलापूरकडची काळी माती म्हणजे वाळवलेला चहाचा चोथा. छपराचे पन्हाळी पत्रे म्हणजे काकूंच्या फणीवर दाबलेली डब्याची फॉइल. रुळांखालची खडी म्हणजे चहाच्या गाळणीतून चाळलेली वाळू. ती ब्रशनं पसरायची, भांडी घासायच्या लिक्विडचा थेंब टाकलेलं पाणी फवारायचं, मग पातळ फेविकॉल ड्रॉपरनं सोडायचा. साबण नसला तर थेंब वर गोळा होऊन बसतो आणि खडी त्याला चिकटून तरंगते. वाळेपर्यंत पंखा बंद. मे महिन्यात. निंबाची झाडं तुळशीच्या वाळक्या मंजिऱ्यांची केली आहेत. एका द्वादशीला काकांनी ओली डहाळी मोडली, त्या दिवशी स्टेशनच काय, संसारही रुळांवरून उतरणार होता.

पण काकांचं खरं कसब पुढे आहे. तीन महिने खपून इमारत नवी करायची आणि पुढची तीन वर्षं ती जुनी करायची. ब्रश रंगात बुडवायचा, जवळजवळ सगळा रंग फडक्याला पुसायचा, उरलेला कडांवरून नुसता फिरवायचा. पत्र्याच्या खिळ्याखाली गंजाचा ओघळ, तो गेरूचा. इंजिन थांबतं तिथं काजळी, ती काकूंच्या डबीतली. धूळ खडूची. पाण्याच्या टाकीखालची शेवाळी ओल काही केल्या जमेना, तेव्हा काकू म्हणाल्या, “बाथरूमच्या भिंतीवर आहे की, फुकट.” काका धावत गेले, भिंग लावून पाहिली, फोटो काढले. तेव्हापासून प्लंबरला घरात येऊ देत नाहीत. संदर्भ पुसला जाईल!

माणसं जर्मनीहून आली. पावणेदोन-दोन सेंटीमीटरची, हॅट घातलेली, बर्फावर घसरायच्या काठ्या धरलेली. काकांनी ब्लेडनं हॅटी छाटल्या, धोतरं रंगवली, काठ्यांना भगव्या पताका लावल्या. एक व्हायोलिनवाला होता, त्याचा वीणेकरी झाला. असे चाळीस वारकरी फलाटावर उभे आहेत. गाडी अजून नाही. तिची चाकं पाव मिलिमीटरमुळे अडली आहेत.

गेल्या आषाढीला काकांनी जाहीर केलं, झालं. आम्हाला साबुदाण्याच्या खिचडीचं आमंत्रण. वरून काच बसवली होती. सगळ्यांनी वाहवा केली, सेक्रेटरी चुकून ‘देखावा’ म्हणाले, तेही पचलं. काकू मात्र पदराला हात पुसत बराच वेळ वाकून बघत राहिल्या. सहा वर्षांत पहिल्यांदाच असतील.

“अहो,” त्या म्हणाल्या, “या बाईच्या डोक्यावर तुळस कुठंय?”

काकांनी बशी खाली ठेवली आणि काच उचलली. काकू गॅलरीतल्या कुंडीपाशी जाऊन गळून पडलेली बारीकशी मंजिरी शोधत होत्या.