मग नंबर कितवा आला?

पहिली ट्रायथलॉन कुठली करायची हे मी अंतर बघून ठरवलं नाही, फोटो बघून ठरवलं. गोव्याची सत्तर पॉइंट तीन. मिरामारचा किनारा, नुकतं फटफटलेलं, रंगीत टोप्या घातलेली माणसं समुद्राकडे निघालेली आणि त्यांच्यात मी. मनातल्या या फोटोत मला पोट नव्हतं. प्रत्यक्षात तेव्हा मी चार जिने चढून गेलो की कुणाच्याही घराची बेल वाजवण्याआधी दारात जरा थांबत असे, आतल्यांना धाप ऐकू जाऊ नये म्हणून.

याला कारण मिलिंद सोमण. त्याने 2015 साली, वयाच्या पन्नासाव्या वर्षी, झुरिकला पूर्ण आयर्नमॅन पुरी केली. 3.8 किलोमीटर पोहणं, 180 किलोमीटर सायकल आणि वर 42.2 किलोमीटरची मॅरेथॉन, सगळं एका दिवसात. त्यानंतर महाराष्ट्रातल्या मध्यमवयीन पुरुषांना सुखाने सोफ्यावर पडता येईना. आमच्या बायकांनी ती बातमी आम्हाला मोठ्याने वाचून दाखवली. मिलिंद सोमण मुळात राष्ट्रीय विजेता जलतरणपटू होता, हा तपशील ना त्यांनी वाचला, ना आम्ही.

ट्रायथलॉन सगळ्या मापांत मिळते. स्प्रिंट म्हणजे 750 मीटर पोहणं, 20 किलोमीटर सायकल, 5 किलोमीटर धावणं. त्याच्या बरोबर दुप्पट ती ऑलिंपिक. 2000 साली सिडनीत हा खेळ ऑलिंपिकमध्ये आला तो याच अंतराने. सत्तर पॉइंट तीन म्हणजे अर्धी आयर्नमॅन. तिन्ही टप्प्यांच्या मैलांची बेरीज 70.3 होते, आपल्या हिशेबात 1.9, 90 आणि 21.1 किलोमीटर, आणि हे सारं उरकायला साडेआठ तास. पहिल्या खेपेला स्प्रिंट करा, असं जाणते लोक एकमुखाने सांगतात. पण स्प्रिंट लग्नाच्या पंगतीत सांगता येत नाही. 'मी अर्धा आयर्नमॅन आहे' हे सांगता येतं. 'अर्धा' हळू म्हणायचं.

आणि मिरवण्याची हौस माझ्या एकट्याची नाही, हा खेळच तिच्यातून जन्मला. धावणारा जास्त तंदुरुस्त की पोहणारा, की सायकलवाला, या वादात हवाईत अमेरिकी नौदलातल्या जॉन कॉलिन्सने तोडगा काढला की तिन्ही एका दमात करा आणि जो पहिला येईल त्याला आयर्नमॅन म्हणू. या कारस्थानात त्याची बायको ज्युडीही सामील होती. 18 फेब्रुवारी 1978 ला पंधरा पुरुष उतरले, बारा शेवटपर्यंत पोचले. गॉर्डन हॅलर पावणेबारा तासांहून थोडा जास्त वेळ घेऊन पहिला आला. दुसऱ्या आलेल्या जॉन डनबारच्या मदतनिसांकडचं पाणी वाटेत संपलं, तेव्हा त्यांनी त्याला बिअर पाजली. हे वाचल्यावर माझी पहिली ट्रायथलॉन गोव्यालाच व्हायला हवी याबद्दल शंका उरली नाही.

मला पोहता येतं, असा माझा समज होता. आजोळच्या विहिरीत पाठीला डबा बांधून शिकलो होतो. मुटका मारण्यात तर माझं नाव होतं. पण विहिरीत पोहणाऱ्याला फक्त काठापर्यंत पोहता यावं लागतं, आणि विहिरीला काठ सगळीकडून जवळ असतो. तलावावरचा प्रशिक्षक माझ्या भाच्याच्या वयाचा. त्याने मला एक लेंथ मारायला लावली, दुसऱ्या टोकाला मी लोखंडी शिडीला मिठी मारली तेव्हा शांतपणे म्हणाला, "काका, तुम्ही श्वास धरून ठेवताय. पाण्यात सोडा."

सगळं पोहणं या एका वाक्यात आहे. नवशिक्याला वाटतं, हवा कमी पडतेय. खरं तर आतली बाहेरच गेलेली नसते. कार्बन डायऑक्साइड साचत जातो आणि जीव घाबरा होतो. डोकं बाहेर काढून एका क्षणात सोडायची आणि घ्यायचीही, हे जमत नाही. म्हणून नाकातोंडाने पाण्यात बुडबुडे सोडत राहायचं आणि बाहेर फक्त घ्यायची. इतकं सोपं. मला ते जमेपर्यंत तलावातलं बरंच पाणी माझ्यातून जाऊन आलं. एकदा मागून आवाज आला, "काका, जरा कडेने जा ना." वळून पाहिलं तर मुलगी तिसरी-चौथीतली असेल. मी कडेने गेलो.

पंचवीस मीटरच्या तलावात 750 मीटर म्हणजे तीस लेंथ, आणि गोव्याचं अंतर शहात्तर, तेही शिडी नसलेल्या समुद्रात, सत्तर मिनिटांच्या आत. गोवा तिथेच बुडालं. मी कोल्हापूरची स्प्रिंट निवडली. तिथे राजाराम तलावात पोहायचं असतं. घरी जाहीर करताना 'सरावाची' हा शब्द पुढे लावला. बायको म्हणाली, "तांबडा-पांढरा खायला चाललाय, हे सरळ सांगा ना."

आता सायकल. इथे मी थोडं लांबण लावणार आहे. ज्यांना फक्त ट्रायथलॉनशी कर्तव्य आहे त्यांनी पुढचे काही परिच्छेद ओलांडून थेट पडण्याच्या प्रसंगावर यावं.

आमचं घर शुक्रवार पेठेत आणि बाबांची नोकरी खडकीच्या दारूगोळा कारखान्यात. तेव्हाचं पुणं सायकलींचं. सकाळच्या पाळीला शिवाजीनगरवरून वाकडेवाडीकडे सायकलींची जी रीघ लागे, तिच्यात बाबा असत. काळी सायकल, पूर्ण चेनकव्हर, कॅरिअरला डबा, पँटच्या पायाला क्लिप. सायकलीला महापालिकेचा बिल्ला लागे. रात्री दिवा नसला की पोलीस धरी, डबलसीट दिसला तरी धरी, आणि पोलिसाला दंड लिहायचा कंटाळा आला असेल तर तो हवा सोडून देई. रविवारी सकाळी सायकल उलटी करून बाबा तिला अंघोळ घालत: चाकाच्या तारा फडक्याने एकेक पुसायच्या, चेनला तेल, सीटखाली एक चिंधी कायमची खोचलेली. आम्हा मुलांना हात लावायची बंदी. आम्ही तासावर भाड्याने आणत असू, दांड्याखालून पाय घालून कैची मारत असू, आणि तास संपायला दहा मिनिटं उरली की दुकानापासून सर्वांत लांब असत असू. त्या भाड्याच्या सायकलींना ब्रेक असल्याचं मला आठवत नाही. थांबायचं झालं तर चप्पल.

हे सगळं मी अलीकडे फार प्रेमाने सांगू लागलो होतो. ट्रायथलॉनवाल्यांमध्ये पुण्याच्या सायकलींच्या आठवणींना भाव आहे, आणि 'माझ्या रक्तातच सायकल आहे' हे वाक्य मी दोनतीन ठिकाणी म्हणूनही पाहिलं होतं. म्हणून कार्बनची नवी सायकल घरी आली तेव्हा ती आधी बाबांसमोर उभी केली. म्हणजे भिंतीला टेकवली.

"स्टँड कुठंय?"

"याला नसतो बाबा."

"मडगार्ड?"

"नसतं."

"घंटी, कॅरिअर?"

"तेही नसतं."

"मग पैसे कशाचे घेतले?"

"वजन कमी आहे ना," मी म्हणालो, आणि किंमत विचारल्यावर एक शून्य गाळून सांगितली. तरी ते खुर्चीत बसले. मग मी ते रक्तातल्या सायकलीचं वाक्य म्हटलं. मला वाटलं, ते हसतील. ते म्हणाले, "अरे, आवडीने नाही चालवली ती. पावसात भिजून पाळीला उभं राहायचं, रात्री उशिरा उलट्या वाऱ्यात परत यायचं. चेतकचा नंबर लागायची किती वर्षं वाट पाहिली, ती सायकल सुटावी म्हणून. सुटली त्या दिवशी पेढे वाटले होते. तू खाल्लेस."

मी खाल्ले होते. स्कूटर आली म्हणून, असं मला वाटलं होतं.

यावर काही बोलण्यासारखं नव्हतं. बाबांनी उठून अंगठ्याने टायर दाबून पाहिला आणि हवा जास्त झालीय म्हणाले. ती तेवढीच लागते, हे मी त्यांना सांगितलं नाही.

त्यानंतर पहाटेच्या सरावात मला आधी न दिसलेलं दिसू लागलं आणि सरावाची मजा काहीशी गेली. पाचला निघावं लागतं, कारण सातनंतर या शहरात सायकलवाल्याला रस्त्यात जागा नाही. सायकल ट्रॅक आहेत. त्यांवर गाड्या उभ्या असतात, वडापावचे स्टॉल असतात, काही ठिकाणी मधोमध खांब आहे. पाचला रस्त्यावर आम्ही दोन प्रकारचे सायकलवाले असतो. एक आम्ही हौशी, मागे लाल, पुढे पांढरा लुकलुकता दिवा, चमकणारं जाकीट, हेल्मेट. दुसरे रात्रपाळी संपवून घरी निघालेले वॉचमन. गडद निळा गणवेश, काळी सायकल आणि अंधार. ट्रकवाल्याला मी अर्ध्या किलोमीटरवरून दिसतो, ते जवळ येईपर्यंत दिसत नाहीत. मी आठवड्यातून तीनदा जातो, ते रोज जातात. माझ्या दिव्याला जेवढे पैसे पडले तेवढ्यात त्यांच्यातल्या दहाजणांच्या मडगार्डला रिफ्लेक्टर बसले असते. आमचे क्लब टी-शर्ट वाटतात. रिफ्लेक्टर वाटायला कुणाची हरकत आहे, मला कळत नाही.

असो. पडण्याचा प्रसंग.

क्लीट नावाचा प्रकार असतो. बुटाच्या तळाला बसवलेला हा तुकडा पेडलमध्ये खटकन अडकतो आणि माणूस सायकलीला जोडला जातो. सुटायचं असेल तर टाच बाहेर वळवायची. हे थांबण्याच्या आधी आठवावं लागतं. मला ते सिग्नलला थांबल्यानंतर आठवलं. वेगात पडण्यात थोडी तरी शान असते. मी संपूर्ण थांबलो, क्षणभर उभा राहिलो, आजूबाजूच्या लोकांकडे पाहिलं आणि मग उजवीकडे आडवा झालो. दोन्ही पाय पेडललाच. शेजारचा रिक्षावाला खाली वाकून म्हणाला, "काका, लागलं नाही ना? स्टँड नाही का याला?"

बाकी तयारीचं फार सांगत नाही. आठवड्यातून प्रत्येक प्रकार दोनदा केला आणि अंतर हळूहळू वाढवलं की स्प्रिंट कुणाही धडधाकट माणसाच्या आवाक्यात येते. फक्त सायकलवरून उतरून लगेच धावायचा सराव चुकवायचा नाही. याला ब्रिक म्हणतात. पाय इतका वेळ गोल फिरलेले असतात, त्यांना आता सरळ पळायचंय हे पटतच नाही. पहिल्यांदा मी सोसायटीच्या फाटकात सायकल टाकून धावत सुटलो, तेव्हा वॉचमन काठी घेऊन मागे आला, कुणीतरी पाठलाग करतंय असं वाटून.

आणि ट्रायसूट. पोहणं, सायकल, धावणं, तिन्हीला एकच कपडा. तो पहिल्यांदा चढवला तेव्हा गव्हाच्या पोत्याला उशीचा अभ्रा घातल्यासारखं दिसलं. तशात लिफ्टमध्ये वरच्या मजल्यावरच्या काकू भेटल्या. त्या नजर वर छताकडे ठेवून म्हणाल्या, "नाटकात काम करताय का?"

स्पर्धा झाली. तलावाच्या तळाला काळी रेघ नसते, त्यामुळे मी 750 मीटरऐवजी बराच जास्त तलाव पाहिला. दर काही हातांनंतर डोळे पाण्यावर काढून पुढचा बोया बघायचा असतो. मी पाहिला तेव्हा तो मागे होता. साठीच्या एक बाई ब्रेस्टस्ट्रोक मारत, एका मैत्रिणीशी बोलत माझ्या पुढे गेल्या. पाण्यातून निघून सायकल घेण्याच्या जागेत तरबेज लोक मिनिटभर थांबतात. मी टॉवेल अंथरून, पाय पुसून, बोटांमध्ये पावडर टाकून निघालो. तिथल्या स्वयंसेवकाने चहा हवाय का विचारलं, ते टोमण्याने की खरंच, मला शेवटपर्यंत कळलं नाही. धावण्याच्या शेवटच्या किलोमीटरला मात्र कोल्हापूरकरांनी, ज्यांनी मला जन्मात पाहिलं नव्हतं, "चला काका, आलंच की!" असं ओरडून ओरडून मला पोचवलं. काका म्हटल्याचा राग आला नाही, ही त्या दिवसातली पहिली वेळ.

घरी आल्यावर मेडल बाबांच्या हातात दिलं. त्यांनी उलटसुलट केलं, वजन पाहिलं.

"नंबर कितवा आला?"

"बाबा, यात तसं नसतं. पुरी केली की मेडल."

"सगळ्यांना?"

"सगळ्यांना."

"मग मधे चहाला का नाही थांबलास?"

तेव्हा, पहिल्यांदाच करणार असाल तर स्प्रिंटच करा. पंगतीत काय सांगायचं ते मागाहून बघता येईल. पोहताना कुठलाही स्ट्रोक चालतो. दमलात तर कयाक धरून थांबा, नियमात बसतं, फक्त त्याच्या आधाराने पुढे सरकायचं नाही. सायकल घरातली असेल ती चालते. ब्रेक लागतात एवढं पाहा, माझ्या लहानपणीसारखं चपलेवर विसंबू नका. सायकल जागेवरून काढण्याआधी हेल्मेटचा पट्टा लावा, नाहीतर दंड बसतो. हेल्मेट तेवढं स्वतःचं, मापाचं आणि नवं घ्या. बाकी सगळं उसनं मिळतं. माझ्याकडेही मागायला हरकत नाही, फक्त ट्रायसूट मागू नका. तो अजून निघालेला नाही.