पाठीवरचे साहेब

कांजूर पूर्वेच्या गोविंदा पथकाने पश्चिमेच्या पथकाचा टी-शर्ट चोरला. दोरीवर वाळत घातलेला नव्हे, त्याचं डिझाइन. तोच भगवा, तीच बासरी, तोच जबडा वासलेला वाघ. छापलेले प्रायोजक साहेब तेवढे वेगळे. ज्या कांजूरमध्ये मेट्रो कारशेडची 102 एकर जमीन कोणाची, म्हणून 2020 साली केंद्र आणि राज्य हायकोर्टात भांडले, तिथे दोन पथकं टी-शर्टासाठी रेल्वेपुलावर एकमेकांना भिडली तर नवल नाही.

मूळ डिझायनर आमच्याच इमारतीतला. सरकारने 2022 मध्ये दहीहंडीला साहसी खेळाचा दर्जा दिला आणि याला पोशाखकार झाल्याचा साक्षात्कार झाला. तो रागारागाने वर आला. "काका, ओरिजिनल आर्ट आहे! ऑलिंपिकमध्ये स्केटिंगवाल्यांचे कपडे असे ढापलेले चालतील?"

मी जन्मभर वकिलाकडे कारकुनी केलेली. विचारलं, "टी-शर्ट किती छापलेस?"

"एकशे ऐंशी."

"डिझाइनची नोंदणी?"

"ती कशाला?"

मग संपलंच. 1957 च्या कॉपीराइट कायद्याचं 15 वं कलम सांगतं की नोंदणी करता येण्याजोगं डिझाइन नोंदवलं नाही आणि त्याच्या पन्नासहून अधिक प्रती यंत्रावर निघाल्या, की त्यावरचा कॉपीराइट संपतो. पन्नासाव्या गोविंदापर्यंत हा कलावंत होता, एक्कावन्नाव्याला नुसता छापखाना. आता सात थरांचं पथक पन्नास माणसांत कसं बसवायचं, ते संसदेला कोणी विचारलेलं दिसत नाही.

त्याने संध्याकाळी 'आमची कला, आमचा हक्क' असं स्टेटस ठेवलं. 2025 च्या जूनमध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडाने कोल्हापुरीसारख्या चपला मिरवल्या, तेव्हाही त्याने हेच ठेवलं होतं. त्या वेळी त्याच्या पायात प्लास्टिकच्या सपाता होत्या.

"वाघ कुठून आणलास?"

"गूगल."

"बासरी?"

"मिठाईच्या खोक्यावरून."

"मग तुझं काय त्यात?"

"मांडणी, काका. साहेबांची जागा."

इथे मात्र मी त्याला मानलं. थर लावताना गोविंदा गोल करून, तोंडं आत करून, एकमेकांच्या खांद्यांत हात अडकवून उभे राहतात. साहेब छातीवर छापले तर त्यांना एकमेकांचीच तोंडं दिसणार. प्रायोजक त्यासाठी पैसे देत नाही. म्हणून साहेब पाठीवर. पण वर चढणारा पाय ठेवतो कुठे? कमरेवर, मग खांद्यावर, आणि मधल्या प्रवासात गुडघा थेट साहेबांच्या चष्म्यावर. याने साहेब दोन इंच वर सरकवले, मग भले अंगठा नाकात जाईना का!

सरावाला नवीच पंचाईत झाली. पोरं संस्कारी. फोटोला पाय लागला की हात कपाळाला. तिसऱ्या थरावरचा प्रत्येक चढणारा मध्येच थांबून नमस्कार करू लागला. खालचे 'लवकर चढ रे मेल्या' म्हणत थरथरतायत, वर याची भक्ती चाललेली. थर दोनदा कोसळला.

कांजूर गावातले एक म्हातारे सराव बघत कट्ट्यावर बसले होते. एके काळी खालच्या थराला उभे राहायचे. म्हणाले, "आमच्या वेळी हाफचड्डी, गंजी आणि कमरेला घट्ट पंचा. पंचाच्या गाठीवर पाय धरायचा. गंजीवर कोणाचं तोंड नव्हतं, मग नमस्कार कोणाला करायचा?" मूळ पोशाख म्हणतात तो हाच असावा. त्याचा डिझायनर कोण होता, कुणास ठाऊक, घाम असेल.

सराव घेणाऱ्या मास्तरांनी तोडगा काढला: मिरवणुकीत टी-शर्ट सुलटा, थर लावताना उलटा. सबलिमेशनची छपाई एकाच बाजूची, आतून कापड पांढरंफटक. पूर्वेच्या पथकाने हेही ढापलं.

गोपाळकाल्याला दोन्ही पथकं सलामीला उतरली, नखशिखान्त भिजलेली आणि पांढरी. मंचावरून आमच्या साहेबांनी माइक हातात घेतला, बराच वेळ डोळे बारीक करून पाहिलं आणि शेजाऱ्याला विचारलं, "यातलं आपलं कोणतं?" माइक चालू होता.