खरडपट्टी काढणाऱ्यांसाठी प्राथमिक सूचना

नवख्यांची पहिली चूक म्हणजे सगळ्यालाच 'झापलं' म्हणणं. झापणं उभ्या उभ्या उरकतं. भिवंडीच्या गोदामात सुपरवायझर सकाळी झापतो आणि दुपारी चहा पाजतो. कुणी मनावर घेत नाही.

कानउघाडणी आपल्याच माणसाची करावी, तीही दार लावून. दार उघडं राहिलं की त्याच शब्दांचा पाणउतारा होतो.

खरडपट्टीला मात्र सवड लागते, शिवाय स्मरणशक्ती. अंजूरची आमची आत्या यात पारंगत. उशिरा पोचलेल्याला ती आधी पाणी देते, पंख्याखाली बसवते. 'अंजूरफाट्याला ट्रक अडकले होते' ही कहाणी शेवटपर्यंत ऐकून घेते. मग विचारते, "फाटा काय आज बांधला?" तिथून मागच्या गणपतीतला उशीर, ताईच्या साखरपुड्यातला उशीर, दहावीच्या पेपराला झालेला उशीर, असं खरवडत खरवडत ती बुडापर्यंत जाते. आवाज चढत नाही. मधेच ताटात तांदळाची आणखी एक भाकरी पडते, आणि नको म्हणायची आपली प्राज्ञा नसते. खरं सांगायचं तर कालवणही त्या दिवशी जास्त चांगलं झालेलं असतं.

हजेरी घ्यायला समोरचा हजर लागतो. तो उठून गेल्यावर जे चालतं ते तोंडसुख.

ताशेरे न्यायालयानं किंवा ऑडिटरनं ओढावेत. ग्रामसभेत गटारावरून जे होतं, त्याला आरडाओरडा म्हणतात.

वाभाडे काढणं आचार्य अत्र्यांना शोभलं. इतरांनी जपून.

आसूड वरच्या दिशेनं ओढायचा असतो. जोतीराव फुल्यांनी 1883 मध्ये 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला तो शेतकऱ्याला नाडणाऱ्यांवर. धुणंभांडी करणाऱ्या बाईवर कुणी आसूड ओढत नाही. ओढलाच तर तो नुसता माज.

राहिलं गाऱ्हाणं. ते ऐकणाऱ्याच्या हातात काही असेल तिथेच घालावं. अंजूरच्या गंगाजी नाईकांनी फिरंग्यांच्या जाचाचं गाऱ्हाणं पेशव्यांपर्यंत नेलं. 1737 मध्ये साष्टीवर फौज उतरली आणि 1739 मध्ये वसई पडली. मी खड्ड्यांबद्दल रोज शेजाऱ्याला जे ऐकवतो, ती कुरकुर. शेजाऱ्याकडे फौज नाही. त्याच्याकडे खड्ड्यांबद्दलची स्वतःची कुरकुर आहे, आणि ती माझ्यापेक्षा लांब चालते.