होतकरू वाग्गेयकारांसाठी प्रगतिमापन

संगीतशास्त्र शिकणाऱ्याची प्रगती मोजायला हैदराबादेत दोन सोयी आहेत: परीक्षा आणि शेजारी. परीक्षा वर्षातून दोनदा येते, शेजारी बारमाही असतात. प्रस्तुत मार्गदर्शन अशांसाठी आहे, ज्यांनी दोहोंना तोंड दिले आहे, वहीत बंदिशी रचायलाही घेतल्या आहेत आणि तरी आपण कुठवर आलो हे ज्यांना सांगता येत नाही.

प्रथम आपला दर्जा ठरवून घ्यावा. शार्ङ्गदेवाने तेराव्या शतकात, देवगिरीच्या सिंघण यादवाच्या पदरी असताना 'संगीतरत्नाकर' लिहिला. देवगिरी म्हणजे दौलताबाद, म्हणजे पुढे निजामाचा मुलूख. तेव्हा ग्रंथकार आपल्याच संस्थानातला, असे सुलतान बाजारात उभे राहून खुशाल म्हणावे; हरकत घ्यायला कोणी येणार नाही. शार्ङ्गदेव रचनाकाराला वाग्गेयकार म्हणतो. त्याच्या भाषेत चाल म्हणजे धातू आणि शब्द म्हणजे मातू. दोन्ही उत्तम जमणारा तो उत्तम. चाल चांगली पण शब्द बेताचे, तो मध्यम. शब्द रमणीय आणि चाल लंगडी, तो अधम. आपल्याकडे कवितेला पेटीवर बसवून तिला गाणे म्हणण्याची जुनी हौस आहे. त्या हौशी मंडळींनी हा तिसरा वर्ग शांतपणे पुन्हा वाचावा.

पण नवशिक्याची खरी जागा आणखी पुढे आहे. दुसऱ्याच्या चालीत आपले शब्द बसवणाऱ्याला शार्ङ्गदेवाने कुट्टिकार असे स्वतंत्र नाव दिले आहे. तुमची पहिली बंदिश तयार झाली, आईला ऐकवली आणि ती म्हणाली, "अरे, हे तर रेडिओवर लागायचं!" तर खचू नये. तुम्ही सुमारे आठशे वर्षांपूर्वीच्या मान्यताप्राप्त पदावर रुजू झाला आहात. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली 'शाकुंतल' रंगभूमीवर आणले, तेव्हा त्यातली पदे लोकांच्या कानावरच्या चालींतच बांधली होती. पदाच्या डोक्यावर 'चाल' म्हणून मूळ गाण्याचा पत्ताही छापला जाई. तुमच्यात आणि त्यांच्यात फरक एवढाच की त्यांना चाल कुठून आली ते ठाऊक होते.

आता शेजाऱ्यांकडे वळू. खालच्या मजल्यावर कर्नाटक संगीत शिकणारी मुलगी असतेच. नसेल तर घर बदलावे, कारण तिच्याशिवाय शास्त्राचा अभ्यास पुरा होत नाही. तुम्ही मन लावून मालकंस घोटत असता आणि जिन्यात ती विचारते, "अंकल, हिंडोलम गा रहे क्या?" इथे 'नक्को' म्हणून दार लावू नये. तिचे बरोबर आहे. तिचा हिंडोलम म्हणजे आपला मालकंस. आपला हिंडोल ऐकवला तर ती त्याला ओळखही दाखवणार नाही. तिचा मोहनम म्हणजे आपला भूप, तिची कल्याणी म्हणजे आपला यमन. पण तोडीच्या नावाने भाबडेपणाने हात पुढे करू नये. तिची तोडी आपल्या भैरवी थाटाच्या स्वरांत असते आणि आपली तोडी तिला शुभपंतुवराळी वाटते.

एवढ्यावर ती थांबली तर ठीक. पण पुढे ती म्हणेल, "आपके दसच थाट? हमारे बहात्तर." या प्रसंगासाठी गणित पाठ ठेवावे. सा आणि प अचल. रे-गच्या जोड्या सहा, ध-नीच्या सहा, म दोन. सहा सक्क छत्तीस, दुणे बहात्तर. हा हिशेब सतराव्या शतकात व्यंकटमखीने मांडला. आपले दहा थाट ठरवणारे भातखंडे वकील होते, दक्षिणेत फिरून त्यांनी हा हिशेब मुळातून वाचला होता. एका स्वराची दोन रूपे एकाच थाटात घ्यायची नाहीत एवढी अट घातली, की बहात्तरांचे बत्तीस उरतात. त्यातून भातखंड्यांनी दहाच उचलले, कारण गवयांच्या गळ्यात तेवढ्यांचेच राग सापडत होते. आधी गाणारे ऐकले, मग कोष्टक केले. हा क्रम तुमच्या वहीत उलटा असण्याची शक्यता फार आहे. तपासून पाहावा.

तपासण्याची रीत सोपी आहे. 'भूप व देशकार यांची तुलना करा' या प्रश्नावर तुम्ही दोन पाने लिहू शकता: स्वर तेच पाच, एक कल्याण थाटाचा, दुसरा बिलावलचा, एकाचा वादी गंधार, दुसऱ्याचा धैवत. आता वही मिटून दोन्ही गाऊन दाखवा. घरच्यांना दोन वेगळ्या गोष्टी ऐकू आल्या तर प्रगती आहे. आल्या नाहीत तर गुण आहेत.

आता बंदिशीचे शब्द. नवशिक्याच्या बंदिशीत पनघट, ननदिया आणि रूठलेले पिया हे किमान साहित्य लागते. घरी पाणी टँकरने येत असले तरी पनघट सोडू नये, असा रिवाज आहे. मला तो मान्य नाही. पण हरकत घेण्यापूर्वी 'टँकर' हा शब्द एखाद्या संध्याकाळी तीनतालात खालीपासून उचलून समेवर आणून पाहावा. शब्द म्हणजे नुसता अर्थ नाही, कुठे लांबवता येतो आणि कुठे आपटतो तेही बघावे लागते, हे त्या एका संध्याकाळी जितके कळते तितके लेखी पेपराच्या तयारीत कळत नाही. 'पनघट' इतकी वर्षे का टिकला, हेही त्याच संध्याकाळी उमगते.

यापुढचा टप्पा धोक्याचा: नवा राग काढणे. याची प्रचलित कृती अशी, की दोन राग घ्यावेत, नावे जोडावीत आणि मित्रांना कळवावे. आधार म्हणून जोगकंसाकडे बोट दाखवतात. तो काढणारे जगन्नाथबुवा पुरोहित १९०४ साली याच हैदराबादेत जन्मले, ही गोष्ट इथला होतकरू छातीवर पदकासारखी मिरवतो. पण बुवांनी बेरीज केली नव्हती. जोगचे दोन्ही गंधार आणि चंद्रकंसाचा कोमल धैवत व शुद्ध निषाद कागदावर कोणालाही शेजारी शेजारी ठेवता येतात. पण जोगकंसात शुद्ध गंधाराने वर गेलेला माणूस कोमल गंधारावरून असा परततो, की त्याला दुसरी वाटच नव्हती असे वाटते. ही जागा कोष्टकात नसते. बुवा थिरकवाँ खाँसाहेबांकडे तबलाही शिकले होते. तेव्हा आधी ठेक्यात नीट बसायला शिकावे, राग थांबेल.

प्रगतीची एक खूण मात्र वहीतच दिसते. सुरुवातीला खोडाखोड नसते, सगळेच नवे वाटते. मग दुसरे लोक सांगतात की हे अमक्याचे आहे. पुढे कधीतरी स्थायीच्या दुसऱ्या ओळीतच तुमची पेन्सिल आपोआप थांबते आणि ओळीवर रेघ मारते. ज्या महिन्यात एकही बंदिश पुरी झाली नाही, तो महिना उत्तम गेला असे समजावे. घरच्यांना हे समजावणे या मार्गदर्शनाच्या कक्षेबाहेर आहे.

राहता राहिली मुद्रा, म्हणजे रचनाकाराचे टोपणनाव. खरे तर ती अंतऱ्यात शेवटी येते, पण होतकरू तीच आधी ठरवतो. जगन्नाथबुवा 'गुणीदास', फैयाज खाँ 'प्रेमपिया', भातखंडे 'चतुर'. १९६८ साली हैदराबादेत देह ठेवलेले बडे गुलाम अली खाँ 'सबरंग'. चांगली नावे गेली आहेत. स्थानिक अभिमानापोटी 'लकडीकापुलपिया' घ्यायचे मनात असेल, तर घ्यावे. मात्र ते म्हणून होईपर्यंत सम निघून गेलेली असते, आणि तबलजी पुढच्या आवर्तनात तुमची वाट पाहत असतो.