कर्ता कांदा

कांदा महाग झाला की वर्तमानपत्रात गृहिणी रडते, स्वस्त झाला की शेतकरी. मथळा तोच, फक्त डोळे बदलायचे. मधल्या व्यापाऱ्याला बातमीत डोळेच नसतात. भाव वर जावोत की खाली, तो रडल्याचं कधी वाचनात आलं नाही. हसल्याचंही नाही.

मथळे लिहिणाऱ्यांचं मला कौतुकच आहे. रात्री पान सोडायची घाई, जागा दोन कॉलमांची. तिथे ‘कांद्याचा वांदा’ हमखास धावून येतो. यमक इतकं चपखल, की वांदा केला कुणी हे विचारायचं राहूनच जातं. कारण वाक्याचा कर्ता कांदा! तोच रडवतो, तोच भडकतो, तोच शंभरी गाठतो. १९९८ साली दिल्लीतलं सरकारही त्यानेच पाडलं म्हणतात.

डिसेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने कांद्याची निर्यात बंद केली. अशा वेळी लासलगावात (‘आशियातील सर्वांत मोठी बाजारपेठ’ ही पदवी लावल्याशिवाय हे गाव बातमीत पाऊल टाकत नाही) भाव ‘कोसळतात’. तेच भाव शहराच्या पानावर ‘ग्राहकांना दिलासा’ होऊन येतात. आता कोसळायला दरड लागते, गेला बाजार एखादा पूल तरी. इथे एक अधिसूचना पुरते. पण अधिसूचना कोसळवत नाही. ती नुसती ‘निघते’. काढली कुणी, ते तिसऱ्या परिच्छेदात, तेही जागा उरली तर.

शेतकऱ्याला मात्र मथळ्यात थेट राज्याभिषेक. ‘बळीराजा हवालदिल’. पाऊस पडला की ‘बळीराजा सुखावला’. राजाला तिसरी मनःस्थिती परवडत नाही. हमाली, तोलाई आणि डिझेलचा हिशेब मांडून बळीराजाने लिलाव नाकारला आणि ट्रॅक्टर घराकडे वळवला, हे मथळ्यात मावत नाही, कबूल. पण हिशेब करणारा राजा आपल्याला जरा गैरसोयीचाही वाटत असावा. हवालदिल असला की हळहळून पान उलटता येतं.

तो स्वतः पेपर उघडतो ते आतल्या पानावर, बाजारभावाच्या चौकटीत. लाल कांदा, आवक, किमान, कमाल, सरासरी. ना यमक, ना अश्रू. तिथे तरी भाषा गप्प बसते म्हणावं, तर ती ‘सरासरी’! ज्याची ट्रॉली किमान भावात गेली, त्याला त्या आकड्याचा अर्थ विचारून बघा. उत्तर छापण्याजोगं नसेल.