दोघांत एक अंथरूण

फ्रान्समधील ल हाव्र बंदरातून अटलांटिकपार जाणारी, १९९३ मध्ये सुरू झालेली आणि १९९५ पासून दोघांच्याच चमूने लढवायची शिडांच्या नौकांची शर्यत ‘कॉफीची वाट’ म्हणून ओळखली जाते. पूर्वी कॉफीची पोती घेऊन जहाजे ल हाव्रला येत, आता नौका उलट दिशेने रिकाम्याच धावतात. तयारीचे मर्म वजन घटवण्यात, म्हणून कार्बन तंतूंच्या महागड्या नौकेत शौचालयाच्या जागी बादली आणि जेवणाच्या जागी गोठवून सुकवलेल्या अन्नाची पाकिटे येतात, काही जण तर टूथब्रशची दांडीही कापतात (दात तेवढे शाबूत ठेवतात), आणि दोघे आळीपाळीने झोपत असल्याने दुसरे अंथरूणही ओझेच ठरते. पुरस्कर्त्याचे नाव मात्र शिडावर पुरुषभर उंच अक्षरांत झळकते. ते कोणालाही जड होत नाही.